धंद्यासाठी कोणतं डॉट घ्यावं? पुण्यातल्या व्यावसायिकांसाठी नव्या डोमेन नावांची सविस्तर माहिती

नवं दुकान, वर्कशॉप किंवा क्लास काढणाऱ्याला डोमेनचा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे. डॉट कॉम मिळालं तर ते घ्यायचं, नाही मिळालं तर डॉट इन किंवा डॉट को डॉट इन. आता रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर नाव टाकलं की खाली पर्यायांची भली मोठी रांग लागते. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन, डॉट टेक, डॉट एआय, आणि प्रत्येकासमोर पहिल्या वर्षाची सवलत. ही रांग अजून वाढणार आहे. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने नव्या एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे नावातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या भागासाठी, अर्ज मागवले असून त्यासाठी 30 एप्रिल ते 12 ऑगस्ट 2026 अशी मुदत ठरवली. यापूर्वीची मोठी फेरी 2012 सालची. तेव्हा 1930 अर्ज आले होते आणि त्यातून बाराशेहून जास्त एक्स्टेन्शन प्रत्यक्षात सुरू झाली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक्स्टेन्शन ऐकायला किती झकास वाटतं याला मी फार कमी किंमत देतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे, दुसऱ्या वर्षापासून किती पैसे लागणार आणि त्यावरून पाठवलेली मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडते का, हे आधी पाहावं. नाव आणि एक्स्टेन्शन निवडण्यापासून या तिन्ही गोष्टींपर्यंत सगळं पुढच्या पायऱ्यांत लिहिलं आहे.

आधी ही साखळी समजून घ्या

वर आयकॅन. ही संस्था 1998 साली स्थापन झाली. तिच्याशी करार करून एकेक एक्स्टेन्शन चालवते ती रजिस्ट्री. डॉट कॉम व्हेरिसाइन चालवते, डॉट ॲप आणि डॉट डेव्ह गूगल चालवतं, डॉट ऑनलाइन आणि डॉट स्टोअर रॅडिक्सकडे आहेत. डॉट इन हे देशाचं एक्स्टेन्शन, ते निक्सी या भारतीय संस्थेकडे. रजिस्ट्रीच्या खाली रजिस्ट्रार, म्हणजे ज्या कंपनीच्या साइटवर तुम्ही कार्ड घासून डोमेन घेता ती. आणि सगळ्यात खाली तुम्ही.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट ही की डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदता येतं, पुढे नूतनीकरण करत राहायचं. दुकानाच्या गाळ्याचा भाडेकरार करताना मालक कोण आणि भाडं कसं वाढणार हे आपण विचारतो, तेवढीच चौकशी इथेही करावी. डॉट शॉप चालवण्याचा हक्क मिळवण्यासाठी जीएमओ रजिस्ट्रीने 2016 च्या लिलावात 4 कोटी 15 लाख डॉलर मोजले. एवढे पैसे शेवटी डोमेनधारकांकडूनच वसूल व्हायचे असतात. याउलट डॉट वेड चालवणारी रजिस्ट्री 2017 मध्ये बंद पडली आणि आयकॅनला आपत्कालीन चालक नेमावा लागला. नावं एका रात्रीत गायब होत नाहीत, तेवढी सोय कराराने केलेली आहे. तरी धंद्याचा मुख्य पत्ता अशा ठिकाणी असणं बरं नव्हे.

पायरी 1: डॉटच्या आधीचं नाव पक्कं करा

एक्स्टेन्शनच्या नादात नावाकडे दुर्लक्ष होतं. मराठी नावांची अडचण स्पेलिंगची आहे. 'लक्ष्मी' कोणी 'एक्स' घालून लिहितं, कोणी 'के-एस' घालून. 'श्री' मध्ये शेवटी एक 'ई' की दोन, की 'आय', यावर घरातल्या घरात एकमत नसतं. नाव फोनवर दोन-तीन जणांना सांगा आणि त्यांना लिहून पाठवायला सांगा. ज्या स्पेलिंगमध्ये ते जास्त वेळा येईल ते घ्या आणि परवडलं तर दुसरंही घेऊन ते पहिल्याकडे वळवा. मधली आडवी रेघ टाळा. फोनवर ती सांगताच येत नाही.

त्यानंतर भारत सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर तेच नाव तुमच्या वर्गात, म्हणजे तुमच्या प्रकारच्या मालात किंवा सेवेत, कोणाचं आहे का ते शोधा. हा शोध फुकट आहे. महाराष्ट्रातले अर्ज मुंबई कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि ऑनलाइन अर्ज केला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना एका वर्गासाठी 4500 रुपये, इतरांना 9000 रुपये फी आहे. डोमेन मिळालं म्हणजे नाव आपलं झालं, या समजुतीवर विसंबू नका. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण दिलं आहे, त्यामुळे आधीपासून ते नाव वापरणारा तुमच्याकडून डोमेन काढून घेऊ शकतो.

नाव मोकळं दिसलं तरी ते पूर्वी कोणी वापरलं होतं का ते वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर बघा. सोडून दिलेल्या नावांवर कधी जुगाराच्या, कधी बनावट औषधांच्या साइट चाललेल्या असतात आणि ती बदनामी नव्या मालकाच्या मेलला बराच काळ भोवते.

पायरी 2: धंदा बघून एक्स्टेन्शन निवडा

गिऱ्हाईक पुण्यातलं आणि फार तर महाराष्ट्रातलं असेल, म्हणजे तुळशीबागेतलं दुकान, कोथरूडमधला क्लास, सदाशिव पेठेतली मेस, तर डॉट इन पुरेसं आणि उत्तम आहे. गूगल देशाच्या एक्स्टेन्शनवरून साइट कोणत्या देशासाठी आहे याचा अंदाज बांधतं, तो इथे तुमच्या फायद्याचा. भोसरी किंवा चाकणमधून बाहेरच्या देशात माल पाठवणाऱ्या कारखान्याने मात्र डॉट कॉमसाठी जीव टाकावा. जर्मनीतला खरेदी अधिकारी नाव ऐकून सवयीने डॉट कॉमच टाइप करतो. हवं ते नाव मिळत नसेल तर नावापुढे 'इंजिनिअरिंग' किंवा 'पुणे' जोडून डॉट कॉम घेणं मला नव्या एक्स्टेन्शनपेक्षा जास्त पसंत आहे.

हिंजवडी-बाणेरच्या स्टार्टअपना डॉट आयओ आणि डॉट एआय आवडतात. ही दोन्ही तंत्रज्ञानाची एक्स्टेन्शन वाटली तरी मुळात भूभागांची आहेत. डॉट एआय कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं, आणि ते किमान दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं. डॉट आयओ ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राचं. ती बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने मे 2025 मध्ये सही केली. दोन अक्षरी एक्स्टेन्शन देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीवर आधारलेली असतात. यादीतून संकेत गेला तर एक्स्टेन्शनही टप्प्याटप्प्याने बंद करण्याची प्रक्रिया आहे. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू 2010 मध्ये असंच बंद झालं. डॉट आयओ उद्या बंद होईल असा याचा अर्थ नाही. तरी ते मुख्य पत्ता म्हणून वापरणाऱ्याने त्याच नावाचं डॉट कॉम किंवा डॉट इन हाताशी ठेवलेलं बरं.

नवी एक्स्टेन्शन मग कधी घ्यायची? एखादं उत्पादन, एखादी मोहीम किंवा फक्त ऑर्डर घेण्याचं पान वेगळं ठेवायचं असेल तेव्हा ती छान काम करतात. दिवाळी फराळाच्या ऑर्डरसाठी डॉट शॉप घ्या आणि ते मुख्य साइटच्या त्या पानाकडे वळवा; पेटीवरच्या छोट्या जागेत ते सुटसुटीत बसतं. डॉट ॲप आणि डॉट डेव्ह घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ही एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये सक्तीने सुरक्षित जोडणीवर चालतात, एसएसएल प्रमाणपत्र बसवल्याशिवाय पान उघडतच नाही. डॉट शॉप घेतल्याने गूगलमध्ये दुकान वर येतं, असं सांगून डोमेन विकणारे भेटतील. गूगलने 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे की नव्या एक्स्टेन्शनमधल्या शब्दाला क्रमवारीत वेगळा फायदा मिळत नाही.

बँकांना निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना, नागरी सहकारी बँकांसह, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं, आणि ही नावं फक्त बँकांनाच मिळतात. सहकारी बँकांच्या या शहरात त्याचं मोल मोठं आहे, कारण ग्राहकाला खरी साइट ओळखायची एक सोपी खूण मिळाली. आपल्या आई-वडिलांना ती खूण जरूर दाखवून ठेवा.

पायरी 3: दहा वर्षांचा हिशेब मांडा

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. पहिलं वर्ष शे-दीडशे रुपयांत आणि पुढचं प्रत्येक वर्ष दोन-तीन हजारांत, असे भाव नव्या एक्स्टेन्शनमध्ये सर्रास दिसतात. पैसे भरण्याच्या पानावर मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाचा भाव असतो. नूतनीकरणाचा भाव खाली बारीक अक्षरात, कधी छोट्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवल्यावर, कधी वेगळ्या दरपत्रकात. तो शोधून काढल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

कागदावर दोन रकाने करा. एकात पहिल्या वर्षाचा भाव, दुसऱ्यात नूतनीकरणाचा भाव गुणिले नऊ. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरा आणि बेरीज करा. दोन-तीन एक्स्टेन्शनसाठी हेच केलं की स्वस्त वाटणारं बहुधा सगळ्यात महाग निघतं.

भाववाढीचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत. डॉट कॉमचा घाऊक दर करारातल्या मर्यादेतच वाढवता येतो. 1 सप्टेंबर 2024 पासून तो वर्षाला 10.26 डॉलर झाला. नव्या एक्स्टेन्शनना अशी वरची मर्यादा नाही. रजिस्ट्रीने नूतनीकरणाचा दर वाढवायचा ठरवला तर तिने रजिस्ट्रारला सहा महिने आधी कळवायचं असतं, आणि त्या काळात जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करता येतं. ही बातमी रजिस्ट्रारकडून तुमच्यापर्यंत वेळेत येईलच असं नाही. म्हणून नवं एक्स्टेन्शन मुख्य पत्ता म्हणून घेतलंच, तर पहिल्याच वेळी जितक्या वर्षांचे पैसे भरता येतील तितके भरा.

'प्रीमियम' असा शिक्का असलेलं नाव दिसलं तर आणखी सावध व्हा. काही प्रीमियम नावांची जास्तीची रक्कम एकदाच लागते, काहींची दर वर्षी. रजिस्ट्रारच्या सपोर्टला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी 4: डोमेन तुमच्याच ताब्यात ठेवा

साइट बनवून देणाऱ्याने डोमेनही घेऊन दिलं, पैसे आपण दिले, आणि चार वर्षांनी कळलं की ते त्याच्याच नावावर आहे. पुण्यात हा प्रकार इतका सर्रास आहे की कोणत्याही धंद्याची मी पहिली चौकशी हीच करतो. बनवणारा बहुतेक वेळा प्रामाणिकच असतो. त्याने सोयीसाठी आपल्या खात्यातून घेतलेलं असतं. पण तो परदेशी गेला, त्याचा फोन बदलला की तुमचा पत्ता अडकतो.

आजच रजिस्ट्रारचं लॉगिन मागून घ्या. आत 'रजिस्ट्रंट' या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा. तिथे तुमचं किंवा फर्मचं नाव, तुमचा मोबाइल आणि तुमचा ईमेल हवा. भागीदारी असेल तर डोमेन फर्मच्याच नावावर घ्या आणि भागीदारीपत्रात तसा उल्लेख करा. भाऊ-भाऊ वेगळे होताना दुकानाची जागा आणि गुडविल यांची वाटणी होते, डोमेनचं नाव कागदावर नसल्यामुळे ते ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो त्याचं होऊन बसतं.

खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली तर त्यावरची मेलही बंद पडते, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक बंद पडलेल्या मेलवर जाते. तिथे स्वतंत्र पत्ता द्या, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि ट्रान्सफर लॉक लावलेलं आहे याची खात्री करा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं असेल तर लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवण्याचा पासवर्ड, मागायचा. नव्या नोंदणीनंतर बहुतेक एक्स्टेन्शनमध्ये पहिले 60 दिवस हे करता येत नाही.

ऑटो-रिन्यूवर आपल्याकडे पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे तुमची आगाऊ नोंदवलेली परवानगी, लागतं आणि परदेशी रजिस्ट्रारकडचे व्यवहार त्यात अडकू शकतात. कॅलेंडरमध्ये मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण लावा आणि हाताने पैसे भरा. मुदत टळलीच तर डॉट कॉमसारख्या नावांना रजिस्ट्रारप्रमाणे 45 दिवसांपर्यंत सवलतीचा काळ मिळू शकतो, त्यानंतर 30 दिवस जबर दंड भरून नाव परत घेता येतं आणि मग पाच दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. ते क्षणात उचलणारे लोक टपून बसलेले असतात.

पायरी 5: मेल पोहोचते का ते तपासा

साइट कोणी रोज बघत नाही. कोटेशन आणि बिल मात्र रोज मेलनेच जातं. अजूनही काही जुने ऑनलाइन फॉर्म दोन ते चार अक्षरांपेक्षा लांब एक्स्टेन्शनचा ईमेल चुकीचा म्हणून नाकारतात. मोठ्या कारखान्याच्या व्हेंडर पोर्टलवर तुमचा नवा पत्ता स्वीकारला जातो का, हे व्हिजिटिंग कार्ड छापण्याआधी पाहा. शिवाय सवलतीत वाटली गेलेली काही एक्स्टेन्शन स्पॅमवाल्यांनी इतकी वापरली आहेत की मेल फिल्टर त्यांच्याकडे आधीच संशयाने बघतात. आयकॅनने एप्रिल 2024 पासून रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांना फसवणुकीच्या डोमेनवर कारवाई करणं बंधनकारक केलं आहे, पण गेलेली पत हळूहळूच परत येते.

कोणतंही एक्स्टेन्शन घ्या, डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदवहीत, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरोखर तुमचीच आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी करून घ्या. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. नोंदी झाल्यावर एक मेल जीमेलवर पाठवा, ती उघडून 'मूळ संदेश दाखवा' हा पर्याय निवडा. वरच्या तक्त्यात तिन्हींपुढे 'पास' लिहिलेलं दिसलं पाहिजे. साइट बनवणाऱ्याला पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी हे पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

देवनागरी नाव घ्यावं का?

घ्यावं, असं माझं ठाम मत आहे, पण जोडीला. डॉट भारत हे देवनागरीतलं एक्स्टेन्शन ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालं आणि त्यासाठीच्या भाषिक नियमांचं काम आपल्या पुण्यातल्या सी-डॅकने केलं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असणं कायद्याने सक्तीचं आहे. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2023 मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटीवर देवनागरीत नाव आहेच, तर त्याखाली त्याच अक्षरांत पत्ता शोभतो, आणि इंग्रजी स्पेलिंगचा घोळही उरत नाही.

अडचणीही आहेत. संगणक हे नाव आतल्या आत 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन संकेतात बदलतो. पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की कधी कधी तोच विचित्र संकेत दिसतो आणि लोक घाबरून लिंक उघडत नाहीत. देवनागरी ईमेलचं तंत्र तयार आहे, पण सगळ्या सेवा ते अजून स्वीकारत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचे दोन्ही पर्याय घ्यावे लागतात. म्हणून देवनागरी नाव मुख्य साइटकडे वळवा, मेलसाठी डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा आणि पाटीवर शेजारी क्यूआर कोड लावा.

जुना पत्ता बदलत असाल तर

जुन्या साइटच्या प्रत्येक पानावरून नव्या साइटच्या त्याच पानाकडे कायमस्वरूपी 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जाईल. सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवली तर गूगलमधली कमावलेली जागा जाते. गूगल सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद करा. नकाशावरची माहिती, जीएसटी पोर्टल, बँक, इंडियामार्टसारख्या साइट, बिलबुकं यांची यादी करून एकेक बदला. जुनं डोमेन अजिबात सोडू नका. ते ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडे तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या मेल जातील, आणि जुन्या पत्त्यावर उघडलेल्या खात्यांचे पासवर्डही तो बदलू शकेल.

स्वतःचं एक्स्टेन्शन

स्टेट बँकेचं डॉट एसबीआय आहे, टाटा समूहाचं डॉट टाटा आहे. 2026 च्या फेरीत एका अर्जाची फी 2,27,000 डॉलर ठेवली, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. त्यावर तांत्रिक यंत्रणा आणि दरवर्षीचं शुल्क वेगळं. पात्र छोट्या संस्थांना फीमध्ये मोठी सवलत आहे, तरी एकट्या व्यावसायिकाने या वाटेला जाऊ नये. शहराच्या नावाचं एक्स्टेन्शन मात्र मला मनापासून हवंसं वाटतं. लंडन, बर्लिन, टोकियो यांची आहेत, पुण्याचं नाही. त्यासाठी संबंधित शासनसंस्थेचं लेखी समर्थन लागतं, त्यामुळे महापालिका आणि उद्योगसंघटनांनी एकत्र बसल्याशिवाय ते होणार नाही.

नवी एक्स्टेन्शन बाजारात येतील तेव्हा

2012 च्या फेरीतली पहिली एक्स्टेन्शन ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली होती. आताही अर्जानंतर पडताळणी, हरकती, करार यांत बराच काळ जाईल. तेवढ्यात एक काम करता येईल. तुमचा ट्रेडमार्क नोंदलेला असेल तर तो ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस या नव्या एक्स्टेन्शनसाठी ट्रेडमार्कची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत नोंदवा. मग प्रत्येक नव्या एक्स्टेन्शनच्या सुरुवातीला, किमान 30 दिवसांच्या 'सनराइज' काळात, तुम्हाला तुमचं नाव इतरांआधी घेता येतं. यालाही फी आहे, त्यामुळे ज्यांचा ब्रँड राज्याबाहेर चालतो त्यांनीच विचार करावा. बाकीच्यांनी दर वर्षी निघणाऱ्या प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये नाव अडवून ठेवायचा खर्च करू नये. कोणी तुमच्या ट्रेडमार्कचं नाव मुद्दाम बळकावलं तर नव्या आणि डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी निक्सीकडे आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या वाटा आहेत. यूडीआरपीखाली जिनिव्हाच्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासमोर पाच डोमेनपर्यंतच्या तक्रारीला 1500 डॉलर लागतात.

या काळात तुम्हाला पत्रं आणि मेल येऊ लागतील. 'तुमच्या नावाचं अमुक एक्स्टेन्शन दुसरी कंपनी घेते आहे, आजच्या आज कळवा', किंवा रजिस्ट्रार नसलेल्याच कंपनीकडून नूतनीकरणाचं बिल. बहुतेक फसवणूक याच मार्गाने होते. अशा मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून रजिस्ट्रारच्या खात्यात जा आणि तिथे दिसणाऱ्या मुदतीच्या तारखेवरच विश्वास ठेवा. हिशेबनीस बाई किंवा दुकानातला मुलगा बिलं भरत असेल तर रजिस्ट्रारचं नाव, मुदतीची तारीख आणि नूतनीकरणाचा दर एका कागदावर लिहून बिलांच्या फायलीत पहिल्या पानावर लावा, आणि त्या नावाखेरीज कोणाचंही डोमेनचं बिल आलं तर आधी मला दाखवा, असं त्यांना सांगून ठेवा.